हाताला वजन हवं

सासऱ्यांच्या मांडीवर धूर काढून दाखवणारा जावई, ही ख्याती फ्यूजने एका मिनिटात मिळवली आणि चूक शंभर टक्के त्याचीच होती. जुन्या मोबाइलचा पडदा, रिमोटची बटणं आणि पत्र्याचा जेवणाचा डबा जमवून त्याने हातात धरायचा खेळ बनवला होता. वरून चेंडू येतो, खालची फळी सरकवून परतवायचा. जोडायचा होता पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. याने जोडला शेजारचा बाराचा. आधी चेंडू उडाला, मग पडदाच उडाला.

"खेळ छान आहे, जावईबापू," सासरे म्हणाले. "जरा लवकर संपतो, एवढंच."

फ्यूज जिन्याखालच्या खोलीत मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. नाव गल्लीने दिलेलं. सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, आणि आता हात थरथरायचे. औषधं चालू होती, हात ऐकत नव्हते. दुकान बंद झालं ते एक वेळ ठीक. पण गेले दोन महिने ते ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि दार लोटून जेवायचे. सांडलेलं कुणाला दिसायला नको.

"जगाचे मिक्सर फिरवता," बायको म्हणाली होती, "माझ्या बाबांना तेवढं परत आमच्यात बसवा की."

हात काहीतरी धरायला लागले तर माणूसही बाहेर येईल, हा फ्यूजचा हिशेब.

दुसऱ्या खेपेला त्याने अ‍ॅडॉप्टर तीनदा तपासला. खेळ मेनवरच, म्हणजे भिंतीतल्या विजेवरच, चालवायचा हे पक्कं होतं. सेल म्हणजे बसून खाणारा पाहुणा. पण हात थरथरला की वायर थरथरे, वायर थरथरली की पिन निसटे, आणि रंगात आलेला डाव काळाठिक्कर. चौथ्यांदा तसं झाल्यावर सासऱ्यांनी डबा बाजूला सारला.

"माझ्या हातात मुळातच करंट जास्त आहे. वरून आणखी कशाला सोडता?"

मग मोबाइलची चपटी बॅटरी. वायर गेली, डबा पिसासारखा हलका झाला. सासऱ्यांच्या हातात तो पिसासारखाच फडफडला. पाच चेंडूंत त्यांनी तो खाली ठेवला आणि हात मांड्यांखाली दडवले.

फ्यूज चक्रावला. हलकं केलं, तर जास्त हलतं? दोन दिवस तो दुकान सोडून सासऱ्यांच्या हातांवर पाळत ठेवून बसला.

"चोरासारखं काय बघताय माझ्या बाबांकडे?"

"गप. ते पाणी घेताहेत, बघ. भरलेला जग उचलला, पाणी नुसतं डुचमळलं. आता रिकामा ठेवतील... वाजला ना?"

"मग?"

"मग बॅटरी की मेन, हा प्रश्नच नव्हता गं. वजन किती, हा होता."

खालच्या वॉचमनकाकांच्या जुन्या टॉर्चमध्ये तीन जाडजूड सेल होते. "तासाभरात देतो," म्हणून फ्यूजने ते आणले. साडेचार व्होल्ट, आणि वजन पाव किलोच्या वर. बायकोने डबा उचलून पाहिला. "खेळ आहे की वीट?"

सासऱ्यांनी टेबलावर कोपरं टेकली. थरथर गेली नव्हती, वजनाखाली दबून बारीक झाली होती. वीस, तीस, बावन्न चेंडू. मग सवयीने त्यांनी डबा उलटा करून झाकण उघडलं, आत पाहिलं.

"वजनासाठी?"

"हो, बाबा."

"लोलक जड का असतो, एवढं मला विचारलं असतंत तर आठवडा वाचला असता." झाकण लावत म्हणाले, "लोखंडी नट असतील ना तुमच्याकडे? मोठे. चमच्याच्या दांड्याला बांधून द्या."

त्या दुपारी आतल्या खोलीचं दार कुणी लोटलं नाही. सासरे सगळ्यांबरोबर टेबलाशी बसले. दोन थेंब सांडले. बायको फडकं घ्यायला उठली.

"बस गं. सांडलंय, पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वॉचमनकाका दारात उभे. "तुमचा तास संपला का हो? गच्चीच्या जिन्यावर मी काय काड्या ओढत फिरू?"

फ्यूजने मागे पाहिलं. जेवणाला अजून वेळ होता, तरी सासरे टेबलाशीच बसले होते, आणि चेंडू एकसष्टावर होता.

"उद्या नवे आणून देतो, काका. नक्की."

"काल तासाभरात म्हणाला होतात."

"हो," फ्यूज हळूच म्हणाला आणि दार पुढे केलं.