टिंगटाँग मावशी आणि न थांबणारा पियानो

शहरातल्या बस स्थानकावर जो कोणी कधी उभा राहिला असेल, त्याने मावशीचा आवाज ऐकलेला आहे. आधी टिंगटाँग, मग गावाचं नाव, मग गाडी कुठे लागली आहे ते. वीसेक वर्षं ती काचेच्या एका खोलीत बसून हे सांगत होती. खोली कसली, खोकंच ते. एक खुर्ची, एक माईक, एक बटण आणि पाठीला कायम घासणारी एक खुंटी. बटण दाबलं की टिंगटाँग वाजायचं, आणि ते पुरतं विरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा तिला पहिल्याच दिवशी शिकवलेला नियम. घाई केली तर पहिला शब्द त्या आवाजात बुडतो, पहिला शब्द म्हणजे गावाचं नाव, आणि मग माणसं भलत्याच गाडीत चढतात. तिच्या आधीच्या बाईंच्या वेळी म्हणे एक अख्खं बिऱ्हाड गाद्या-भांड्यांसकट उलट्या दिशेला निघून गेलं होतं. मावशीने तो नियम असा अंगी बाणवला की घरी दाराची घंटा वाजली, तरी ती थांबेपर्यंत "आले, आले" म्हणत नसे.

मग यंत्र आलं. आठवडाभर तिच्याकडून सगळ्या गावांची नावं म्हणून घेतली, ती यंत्रात भरली, आणि काचेच्या खोलीला कुलूप लावलं. "माझ्याच आवाजाने माझ्या पोटावर पाय दिला," असं ती हसून सांगायची. "दुसऱ्या कोणाच्या आवाजाने दिला असता, तर जास्त लागलं असतं."

घरी बसणं तिला जमण्यातलं नव्हतं. लेक नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली होती, नवरा बस डेपोत इंजिनं उघडण्यात दिवसभर काळा झालेला. घरात ती आणि सासूबाई. दोघींनी एकमेकींकडे किती बघत बसायचं? तेवढ्यात तिला कळलं की विद्यापीठात नाटक आणि संगीत हे दोन्ही विषय मिळून एक पदवी आहे, आणि प्रवेशाला वयाची अट नाही. लहानपणापासून तिला या दोन्हींचं वेड. कोणतं एक निवड म्हटलं असतं, तर ती रडली असती. इथे तर निवडायचंच नव्हतं.

सासूबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे शिंगं मोडून वासरात शिरणार म्हण की."

"मला शिंगं होती कुठे?"

"होती. माझ्याशी भांडताना दिसायची."

पण प्रवेशाच्या दिवशी तिची साडी इस्त्री करून ठेवली ती सासूबाईंनीच.

विद्यापीठात नाटकाची इमारत मैदानाच्या एका टोकाला, संगीताची दुसऱ्या टोकाला. नाटकाच्या दालनात रंगाचा आणि जुन्या कोटांचा वास. तिथे जमिनीवर लोळायचं, ओरडायचं, झाड व्हायचं. संगीताकडे जाड दारांच्या चिमुकल्या खोल्या, आत एकेक पियानो, आणि भिंतीवर "खाऊ नये" अशी पाटी. मावशी दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे धावत असे. नाटकवाली मुलं म्हणत, ही संगीताची. संगीतवाली म्हणत, ही नाटकाची. सारखं तळ्यात-मळ्यात. मात्र दोन्हीकडच्या मुलांनी तिचा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला आणि तिचं नाव टिंगटाँग मावशी ठेवलं. घरी ती स्वयंपाकघरात उताणी पडून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायची आणि श्वासाने ते वरखाली करायची. सासूबाई कुरकुरत तिला ओलांडून चहाकडे जायच्या.

त्या पदवीचं तिसरं वर्ष परदेशात असे. खर्च विद्यापीठाचा, पण जागा एकच. बाकीच्यांनी तेच वर्ष इथे पूर्ण करायचं. मावशीने आयुष्यात हजारो लोकांना गाड्यांत बसवलं होतं. स्वतः ती जिल्ह्याबाहेर फारशी गेली नव्हती. पण ही जागा तिला हवीच होती. ती तिकडची भाषा शिकू लागली. नवऱ्याला प्रश्न विचारायला बसवायची. त्याला त्या भाषेतला "माफ करा" एवढाच शब्द पाठ झाला होता. तो प्रत्येक गोष्टीला तेच म्हणायचा, आणि तिचा सराव तरीही होत असे.

जागेसाठी इच्छुक चौघं होती, आणि मावशी सोडली तर सगळी विशीतली. प्रत्येकाने दहा मिनिटांचा एकपात्री प्रवेश करायचा, त्यात अभिनयही हवा आणि एक गाणंही, सोबत पियानोवर एक साथीदार. बघायला नाटकाचे सर, संगीताच्या बाई, आणि तिकडच्या विद्यापीठातून आलेल्या एक पाहुण्या बाई. निर्णय तिघांचा.

मावशीने प्रवेश स्वतः लिहिला. एका बाईच्या पलंगावर वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय. ती तणतणत तक्रार करायला वर जाते, पण वर राहणारी म्हातारी तिच्याशी इतकी गोड बोलते की तक्रार तोंडातून निघतच नाही, आणि बाई शेवटी म्हातारीच्या झाडांना पाणी घालून खाली येते. साथीला तिने पियानोवाली निवडली. ही संगीताची विद्यार्थिनी, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि नियमांची इतकी पक्की की रस्त्यावर गाड्या नसल्या तरी सिग्नलला थांबायची. तिने सुरुवातीला थेंब पडल्यासारखी एक चाल बांधली. टप, टप, टपटप. ऐकताना खरंच डोक्यावर पाणी पडल्यासारखं वाटे.

तालमीला मात्र पियानो मिळेना. ज्या वेळी मावशीला सवड, त्या वेळी पियानोच्या खोल्या भरलेल्या. म्हणून दोघी नाटकाच्या इमारतीच्या जिन्यात तालीम करत. पियानोवाली चाल तोंडाने गुणगुणायची. दम घ्यायला ती थांबली की मावशी पहिलं वाक्य म्हणायची, "आहे का कोणी घरात?" ते ऐकलं की गुणगुणणं बंद. सगळं लोण्यासारखं जमत होतं. पियानोला दम लागत नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मावशीचा नंबर शेवटचा. तिचे तळहात इतके ओले झाले होते की गळणाऱ्या पाण्याची वेगळी सोय करायला नको होती. ती रंगमंचावर आली, डोक्यावर बादली पालथी धरून, दारापाशी उभी राहिली. पियानो सुरू झाला. टप, टप, टपटप. ती चाल संपायची वाट पाहू लागली.

चाल संपेना. पियानोवालीला तिच्या गुरूंनी शिकवलं होतं की नट बोलेपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर रंगमंचावर भोक पडतं. आणि मावशीला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं की वाजणं थांबेपर्यंत बोलायचं नाही. चाल पुन्हा पहिल्यापासून आली. मावशीने पायपुसण्यावर पाय पुसले. चाल तिसऱ्यांदा आली. मावशीने काल्पनिक दाराची काल्पनिक कडी वाजवली, बादली या हातातून त्या हातात घेतली. पियानोवालीला वाटलं, ही वाक्य विसरली. आठवण करून द्यावी म्हणून ती जोरात वाजवू लागली. मावशीला वाटलं, जोरात वाजतंय त्या अर्थी काहीतरी मोठं येणार आहे, आता तर अजिबात बोलायचं नाही. ती जितकी गप्प, तितका पियानो मोठा. थेंबांचा धबधबा झाला. मागे बसलेली मुलं आधी खुसखुसली, मग उघड हसायला लागली. नाटकाच्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा मावशीच्या लक्षात आलं की हे थांबणार नाही. गाडी तिच्या डोळ्यांदेखत सुटत होती, आणि ती सुटत होती ते मावशी नियम पाळत होती म्हणून. वाजण्यावर बोलायला तिची जीभ वळत नव्हती. कितीही जोर केला तरी ओठ मिटलेलेच. पण वाजण्यावर गाता येतं. गायला कोणी कधी मनाई केली नव्हती. तिने श्वास घेतला, पुस्तक उचलून धरणारा तो पोटातला श्वास, आणि त्या धबधब्याच्या वर आवाज लावला:

"आऽहे का कोऽणी घरात?"

पियानोवाली दचकली. गाणं सुरू झालं म्हटल्यावर थांबायचा प्रश्नच नव्हता. गायकाला सोडायचं नाही, हा तर तिचा त्याहून मोठा नियम. ती मावशीच्या सुरामागून वाजवत गेली. मावशीला आता गाण्यावरून बोलण्यावर उतरता येईना. बादली ठेवली तरी गादी भिजते, हे वाक्य तिने टिपेला नेलं. उशी कशी वाळवायची, हे ती संथ, आर्त सुरात गायली. म्हातारी गोड बोलू लागली तशी पियानोने चाल हळूच बदलली आणि मावशीची तक्रार दोनदा घशात अडकली. त्या अडकण्यालाही सूर होता. हसणारी मुलं केव्हा गप्प झाली ते कोणालाच कळलं नाही. झाडांना पाणी घालताना तिचं फक्त नाचायचं बाकी राहिलं होतं. संपलं तेव्हा ती घामाने निथळत होती आणि तिला एवढंच कळत होतं की असा आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता.

नाटकाचे सर म्हणाले, प्रवेशात एकही वाक्य बोललं गेलं नाही, तेव्हा याला नाटक कसं म्हणावं. हे संगीतवाल्यांनीच काय ते बघावं. संगीताच्या बाई म्हणाल्या की गादी-बादलीला गाणं म्हणणं त्यांच्या विभागाला तरी जड जाईल, सरांनीच ठेवून घ्यावं. पाहुण्या बाईंना भाषा येत नव्हती, पण आपल्यासमोर काय टोलवाटोलवी चालली आहे ते त्यांना नीट कळलं असावं. त्यांनी त्यांच्या भाषेत मावशीला सरळ विचारलं की हे सगळं असं ठरवून केलं होतं का.

मावशीच्या मनात आलं, हो म्हणावं. हो म्हटलं तर कदाचित सगळं निभावेल. पियानोवाली मागे मान खाली घालून उभी होती. मावशीने शिकलेल्या भाषेतले मोडकेतोडके शब्द जुळवले.

"नाही. ती थांबण्याची मी वाट बघत होते, मी बोलण्याची ती. चूक झाली."

"मग पुढचं?"

"पुढचं चुकीतून बाहेर यायला."

पाहुण्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की हेच आता मुद्दाम, ठरवून करता येईल का. मावशीने खरं तेच सांगितलं, "माहीत नाही. शिकवलंत तर बघते."

तिघंही आत गेली. मावशी बाहेरच्या बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. पियानोवाली शेजारी चष्मा पुसत राहिली, पुसलेलाच. "मावशी, मी थांबायला हवं होतं गं," ती पुटपुटली. मावशीने तिला सांगितलं की थांबली असतीस तर मी ते ठरलेलं एक वाक्य बोलून चारचौघांसारखी घरी गेले असते, आणि आता गप्प बस, नाहीतर मलाही रडू येईल.

दार उघडलं. संगीताच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कोणत्या विभागाची म्हणून पाठवायचं यावर अजून आमचं एकमत नाही, पण पाठवायचं तुम्हालाच आहे.

मावशीने पियानोवालीला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला. मग ती बसची वाट न बघता चालतच सुटली, आणि घरापर्यंतच्या वाटेत ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांकडे बघून हसत गेली. नवरा नुकताच डेपोतून आला होता, हातांना साबण लावत होता. बातमी ऐकून तो साबणाच्या हातांनीच खुर्चीत बसला. त्याने काय झालं, कसं झालं ते दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना मावशीने अख्खा प्रवेश गाऊन दाखवला, कडी वाजवण्यासकट.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर," मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला.

सासूबाईंनी मुलाकडे एक नजर टाकली. "याला भात करता येत नाही. शिकेल. उपाशी माणूस सगळं शिकतो." मग त्या सुनेकडे वळल्या. "तू जा. फक्त तिकडून फोन करशील तेव्हा गाऊन बोलू नकोस. मला आधीच कमी ऐकू येतं, त्यात तुझ्या ताना कुठे निस्तरू?"

निघायला अजून तीन महिने होते. मावशीने त्याच संध्याकाळी स्टूल ओढलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. नवरा खालून बॅगेचा कोपरा धरून उभा, आणि सासूबाई ओरडत होत्या की आधी ती झाडा, धूळ माझ्या चहात पडतेय.