डोळेबाईचा दिवा

वस्तीत तिला सगळे डोळेबाई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत साधासा मोबाइल आणि त्याच्यापुढे धरायचं एक भिंग. कुणाच्या घरी गेली की आधी खिडकीवर चादर टांगायची, दाराखालची फट पायपुसण्याने बुजवायची. अंधारात डोळ्याची बाहुली आपसूक मोठी होते, मग मोबाइलचा दिवा आत पोचतो आणि डोळ्याच्या आतला पडदा फोटोत उतरतो. तो मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पाठवला की काम झालं.

पण बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माणसं बोलू लागतात. उजेडात मिठाची गुळणी धरून बसणारा सुतार अंधारात सांगू लागे, की त्याला एकदा समुद्र बघायचाय. मग मोबाइलवर उमटे एक केशरी गोल, त्यात लाल नद्या, कडेला पिवळा चंद्र. प्रत्येकाच्या आत एकेक संध्याकाळ आहे आणि आपल्याला तिथे फिरून यायचा पगार मिळतो, असं ती नवऱ्याला सांगे. तो म्हणे, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिचा हात बसला तो सासूबाईंच्या डोळ्यांवर. सासूबाई घरबसल्या शिंप्याच्या शर्टांना बटणं लावत. सून काम शिकत होती तेव्हा त्या रोज संध्याकाळी पलंगाच्या कडेला हनुवटी वर करून बसत. फोटो मात्र दर वेळी धुकट.

"हात हलतोय माझा," म्हणत सून तो पुसून टाकी.

"हलू दे. उद्या जमेल," सासूबाई म्हणत.

पुढे वस्तीतले फोटो लख्ख येऊ लागले आणि घरचा सराव बंद पडला. म्हातारी सुटली बिचारी, असं सुनेला वाटलं.

मग एके दिवशी शिंपी शर्ट घेऊन दारात उभा राहिला. पांढऱ्या शर्टावर पिवळी बटणं, तीही ओळीनं.

"आजी, अहो हे काय?"

"घाईत झालं असेल रे," म्हणत सासूबाईंनी शर्ट ओढून घेतला.

त्या संध्याकाळी डोळेबाईने घरातच चादर टांगली. "आई, बसा जरा. नवं भिंग आलंय, बघू या."

"भांडी पडलीत अजून."

"पडू देत."

सासूबाई नाइलाजाने बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. फोटो धुकट आला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तिने शेजारी नवऱ्याला बसवलं, तर त्याचा डोळा आरशासारखा स्वच्छ. म्हणजे धुकं हातात नव्हतंच कधी. केवढे फोटो तिने आपल्याच बोटांनी पुसले होते!

"आई, तुम्हाला नीट दिसतं ना?"

अंधारच तो, त्याने सासूबाईंनाही बोलतं केलं.

"तू शिकत होतीस तेव्हापासून धूसर दिसतंय. वाटलं, तुझ्या दिव्यानं दिपलं असेल, जाईल. गेलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सुनेनं सासूचे डोळे घालवले म्हटल्यावर तुला कुणी दारात उभं केलं असतं का? आणि किती हौसेनं शिकत होतीस. माझं काय गं, बटणं हाताला कळतात."

डोळेबाईला रडू कोसळलं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत हे तिला दिसलं नव्हतं. दिव्याने असं होत नाही, हा वयाचा मोतीबिंदू आहे, एवढं तिने हुंदक्यांमधून कसंबसं सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

"म्हणजे मी उगाच तोंडाला कुलूप लावून बसले!" सासूबाई भर दवाखान्यात स्वतःवरच चिडल्या.

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. थेंब संपले, काळा चष्मा गेला. शिंप्याकडून चुकलेले शर्ट मागवून त्यांनी बटणं उसवून पुन्हा लावली. एका संध्याकाळी डोळेबाई घरी आली, तर खिडकीवर आधीच चादर टांगलेली. सासूबाई पलंगाच्या कडेला हनुवटी वर करून बसल्या होत्या. हात मांडीवर सैल पडले होते.

"मार तुझा दिवा," त्या म्हणाल्या. "आता भीती नाही वाटत."

डोळेबाईने मोबाइल वर धरला. त्या दिवशी तिचा हात खरोखरच हलत होता.