धाकटीची रंगीत तालीम

इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे ‘शंकासूर’ म्हणत. तोंडावर नव्हे; पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानच होता. सकाळी घराला कुलूप लावून ती जिना उतरायची आणि गॅस बंद केला का ते बघायला पुन्हा चढायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा वैतागायचा. पुढे पुढे ती दुसऱ्यांदा खाली आल्याशिवाय तो स्कूटरला किल्लीच लावेनासा झाला.

अशा बाईच्या हाती इस्पितळाने स्टोरेजची, म्हणजे कॉम्प्युटरमधली सगळी माहिती साठवणारी, दोन कपाटं सोपवली होती. एक इस्पितळाच्या तळघरात, जिथे भर उन्हाळ्यातही ती स्वेटर घालून बसे. दुसरं टेकडीपलीकडे, कागदाच्या गोदामामागे भाड्याने घेतलेल्या खोलीत. रोग्यांच्या तपासण्या, एक्स-रे, औषधांच्या मात्रा, सगळं पहिल्या कपाटात लिहिलं जाई, आणि लिहिता लिहिताच त्याची नक्कल टेकडीपलीकडच्या कपाटात उतरे. उद्या तळघराला आग लागली तर इस्पितळाने दुसऱ्या कपाटावर काम चालू ठेवायचं, अशी योजना होती. तिने त्यांची नावं थोरली आणि धाकटी ठेवली होती. थोरली राबायची, कौतुक करून घ्यायची. धाकटी तिचं बघून सगळं जसंच्या तसं करायची, पण कुणी कधी तिला काही विचारत नसे. ही स्वतः सासरी धाकटी जाऊ होती, त्यामुळे तिचा कळवळा कुणीकडे होता हे सांगायला नको.

तिच्या पडद्यावर एक हिरवा दिवा असे. दोघी सारख्या आहेत, असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं तो हिरवाच होता आणि विभागाचे साहेब त्यावर खूश होते. हिची शंका मात्र वेगळीच. नक्कल केली म्हणजे पोरगं पास झालं असं थोडंच आहे? धाकटीवर इस्पितळ खरोखर चालवून कुणी पाहिलं होतं? दर सहा महिन्यांनी तालीम व्हायची खरी, पण ती बैठकीच्या खोलीत, चहा पीत. कुणी कुणाला फोन करायचा ते साहेब वाचून दाखवत, बाकीचे माना डोलावत, सह्या होत आणि कप गोळा केले जात. उंटावरून शेळ्या हाकायचा हा कार्यक्रम आटोपला की हिचा दिवसभर जीव थाऱ्यावर नसे.

साहेब वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. थोरली मुद्दाम बंद करून धाकटी चालते का बघू या, असं हिने म्हटलं की ते खुर्चीत मागे सरकत. चाललंय ते चालू द्या, हात दाखवून अवलक्षण कशाला, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तहान लागल्यावर विहीर खणायची का, हे हिचं. असं दोन वर्षं चाललं. शेवटी कंटाळून म्हणा किंवा हिच्या तगाद्याला शरण जाऊन म्हणा, त्यांनी मोठ्या डॉक्टरीणबाईंची परवानगी काढली. इस्पितळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. रविवारी सकाळी, बाहेरचे रोगी नसताना, तासभर इस्पितळ धाकटीवर चालवायचं. पण साहेबांनी एक अट घातली: काही बिघडलं तर यापुढे तालमीचं नाव काढायचं नाही.

रविवारी तिने थोरलीचं काम आणि तिच्याकडून येणारी नक्कल थांबवली, धाकटीला काम करायची मुभा दिली आणि एकेका विभागाला फोन केले. एक्स-रे उघडले. औषधांचा साठा दिसला. रक्ततपासणीवाल्यांनी तर काही फरकच जाणवत नसल्याचं सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. तेवढ्यात नवजात बाळांच्या कक्षातल्या सिस्टरचा फोन आला. पडदा कोरा होता. एकाही बाळाची नोंद दिसत नव्हती.

ही डिस्कांची यादी उघडून बसली. शोधायला वेळ लागला नाही. वर्षापूर्वी त्या कक्षासाठी वेगळी डिस्क केली होती. ज्या डिस्कांची नक्कल व्हायची, त्या सगळ्या एका गटात घालाव्या लागतात. ही डिस्क त्या गटात कधी घातलीच गेली नव्हती, आणि हिरवा दिवा फक्त गटातल्यांची हमी देतो. बाहेर राहिलेलीबद्दल तो हूं की चूं करत नाही. डिस्क केली होती हिनेच. जगावर शंका घेणाऱ्या बाईची स्वतःवर शंका घ्यायची तेवढी राहून गेली होती.

थोरली पुन्हा चालू झाली, नोंदी पुन्हा दिसू लागल्या. साहेबांनी हळूच सुचवलं, लाइनचा बिघाड होता म्हणून सांगू, कुणाला कळणार आहे? तिला मोह झाला नाही असं नाही. तालीम बंद पडणार हे दिसत होतं, वर नाक कापलं जाणार होतं. पण ती तशीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “बाळांची डिस्क मी गटात घालायला विसरले. खरोखरची आग असती तर त्यांच्या नोंदी गेल्या असत्या.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणखी काय काय राहिलंय?”

“माहीत नाही. पुन्हा तालीम केल्याशिवाय कळायचं नाही.”

“मग करा. दर तीन महिन्यांनी करा.”

तिच्या मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चार दिवस ते हिच्याशी कामापुरतंच बोलले. पण पुढच्या तालमीत औषधांच्या खोलीतला एक बिघाड सापडला, त्याच्या पुढच्या वेळी एक चुकीचा फोन नंबर, आणि त्याच्या पुढच्या वेळी काहीच सापडलं नाही. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, तोही स्वतःच्या खिशातून.

मग एका मंगळवारी, ऐन गर्दीच्या वेळी, तळघराच्या छतातला पाण्याचा नळ फुटला आणि सगळं पाणी थोरलीच्या डोक्यावर आलं. तळघराची वीज तोडावी लागली. पूर्वीचे साहेब असते तर आधी बैठक बोलावली असती. आताचे साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “धाकटीवर चला.”

वरच्या मजल्यावर बसून तिने कॉम्प्युटरला हुकूम दिला. बाळांची डिस्क गटात आहे हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं होतं, तरी तिची नजर फोनवरून हलेना. आणि फोन वाजला तो नेमका त्याच कक्षातून. काय ऐकावं लागणार या भीतीने तिने तो कानाला लावला.

सिस्टर चांगलीच तापली होती. बाळांच्या पायाला बांधायच्या पट्ट्यांचा कागद संपला होता, छपाई अडली होती आणि इतर कुणी फोनच उचलत नव्हतं.

“आईचं नाव, वजन, सगळं दिसतंय ना?” हिने विचारलं.

“दिसतंय की,” सिस्टर म्हणाली. “न दिसायला काय झालंय?”

तिला एकदम रडू आलं आणि हसूही. इतकी वर्षं तिला कुणाकडून तरी हेच ऐकायचं होतं. कागद पुरवणं तिच्या विभागाचं काम नव्हतं, पण ती कोठीत गेली, पट्ट्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि जिने चढून स्वतः तो बाळांच्या कक्षात पोचवला.