मागे मागे येणारा चुनखाया

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलं आहे आणि सोफ्यावर पडल्या पडल्या माझे डोळे मिटतायत. पाच वाजता मंडळी येणार. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचा आमचा खेळ. ती गोष्ट आठ वर्षं मृणालने चालवली. ती गेली त्याला वर्ष होईल. आज पहिल्यांदा मी चालवणार आहे. फसलो तर ही मंडळी पुन्हा जमणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे.

छातीवर तिची वही आहे. भुयारातल्या राक्षसांची यादी, प्रत्येकाला एकच ओळ. आज ज्याच्याशी गाठ आहे त्याच्याबद्दल एवढंच: 'चुनखाया. सातव्या तळाखाली. मागे मागे येतो.' डोळे किती, दात किती, काही नाही. म्हणून मी अकलेचे तारे तोडून चार पानं भरली आहेत.

"चार पानं लिहिलीस होय?" मृणाल विचारते.

ती आमच्या जिन्यात, मीटरच्या पेट्यांपाशी उभी आहे. मला इतका आनंद होतो की ती इथे कशी, हे विचारायचंच राहतं. आम्ही खाली उतरतो. तळमजल्यानंतरही जिना संपत नाही. भिंती ओल्या होतात आणि पुढच्या पायरीवर टाकलेला पाय तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडतो. टेबलांमधून बोळ निघतो, त्याला छत दगडाचं. मागे कोणीतरी चुना कुरतडतंय.

मी तिला सरळ सांगतो की मला हे जमणार नाही. तुझ्या डोक्यात तो पूर्ण होता, माझ्या डोक्यात नुसते दात आहेत. ती हसते.

"मला तरी कुठे माहीत होता? काय ऐकू येतंय, असं मी तुम्हालाच विचारायचे. घाबरलेला माणूस बरोबर सांगतो."

म्हणजे आठ वर्षं आमचे राक्षस आम्हीच घडवत होतो, आणि शाबासकी हिला देत होतो. लबाड कुठली. मला थोडा रागही येतो.

कुरतडणं थांबतं. आता पावलं ऐकू येतात. आम्ही थांबलो की तीही थांबतात.

"सांग पराग, तो मागे का येतो?"

मी भ्यालो आहे, म्हणून विचार न करता बोलतो. "त्याला बाहेरची वाट माहीत नाही. आपल्याबरोबर यायचंय त्याला."

"मग जरा पाय वाजवत चाल," ती म्हणते. वीस त्रिकोणी बाजूंचा फासा माझ्या हातात ठेवते आणि माझी बोटं मिटवते.

ती येत नाही का, असं मी विचारतो.

"माझा डाव झाला रे."

बेल वाजते. मी सोफ्यावर आहे, पाच वाजायला आले आहेत. आमच्या घरात एकही फासा नाही. मृणालचे फासे तिच्या भावाकडे, सुबोधकडे असतात, आणि तोच ते घेऊन दाराबाहेर उभा असणार. पण माझ्या उजव्या तळहातावर त्रिकोणी वळ आहे, लाल, अजून दुखणारा.

चारही पानं मी रद्दीत टाकतो. दार डाव्या हाताने उघडतो. उजवी मूठ पुन्हा मिटून ठेवतो.