चेटकिणीच्या हातचे मोदक

“आजी, राग मानू नका, पण तुमच्या सुनेचे मोदक आम्ही नैवेद्यातून बाजूला काढलेत,” शोभाताई म्हणाल्या.

“का? मीठ जास्त पडलं?”

“विषय मिठाचा नाही हो. तुमची नातच मुलांना सांगत होती, माझी मम्मा चेटकीण आहे म्हणून!”

“मग? खोटं बोलली का पोर?”

हॉलच्या किचनमध्ये एकदम चिडीचूप. बाहेर आरतीची तयारी चाललेली, आत आम्ही सात-आठ बायका आणि आम्हा सासू-सुनेच्या एकवीस मोदकांचा वाद. शोभाताई म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. भांडण कुठवर गेलं ते सांगतेच, पण आधी आमचं घर कळायला हवं. न्यूनेन नावाच्या डच गावातल्या या घरात किस्से साठतात ते मागच्या शेडमधल्या जुन्या सायकलींसारखे. एक ओढायला जावं, तर पाच अंगावर येतात!

*

माझी सून मार्लेन डच आहे. सायकलवरून घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. आणि चेटकीण. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच म्हणते! ऋतू पालटला की खिडकीत मेणबत्त्या, उंबऱ्यावर मीठ, दारावर टांगलेला खराटा. आणि मंत्र म्हणायला माझा मुलगा आणि नात, दोघंही हजर!

आता मी कोण? चौथी शिकलेली. पुढचं सगळं, इंग्रजीसुद्धा, रद्दीतल्या पेपरांवर आणि वाचनालयातल्या पुस्तकांवर. साताऱ्याकडे तीस वर्षं देवऋषी आणि बाबा उघडे पाडत हिंडले. नारळ पेटवून दाखवणाऱ्या एका महाराजाचा नारळ मी भर चौकात फोडलाय! आणि माझाच मुलगा जाऊन चेटकिणीशी लग्न करतो.

मी फोनवर विचारलं, “अरे, तुला पाजलं तरी काय तिने?”

म्हणाला, “कॉफी.”

*

इथे आल्या दिवसापासून मी तपास सुरू केला. उंबऱ्यावर मिठाची रेघ दिसली की ओल्या फडक्याने पुसायची. ती पुन्हा घालायची, मी पुन्हा पुसायची. आठवडाभर दोघी एकमेकींना गुड मॉर्निंग म्हणत हेच करत होतो. शेवटी मीच अडवलं, “हे मीठ कशासाठी?”

“अर्धं वाईट शक्तींसाठी, आई. अर्धं गोगलगायींसाठी.”

“आणि उपयोग कशावर होतो?”

“तुम्ही पुसायला लागल्यापासून गोगलगायी घरात यायला लागल्यात. वाईट शक्तींचं तुम्हीच सांगा!”

*

पौर्णिमेला ती बागेत पाण्याची बरणी ठेवते. त्यात म्हणे चंद्र उतरतो, आणि ते पाणी घातलं की झाडं जोर धरतात. मी म्हटलं, आता सापडलीस! गुपचूप बरणी रिकामी केली आणि नळाचं पाणी भरून ठेवलं. महिन्याभरात पुदिना असा तरारला की कुंडी दिसेना. मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, “ते नळाचं पाणी होतं!”

मार्लेन शांतपणे म्हणाली, “मग चंद्राचं कुठे गेलं?”

“आमटीत.”

तिने माझ्या मुलाकडे वळून पाहिलं. “बघ! मी तुला म्हटलं नव्हतं, त्या दिवशीची आमटी काही वेगळीच होती?”

*

एकदा मात्र मी खरंच भडकले. तारा, माझी नात, तापाने फणफणली होती, आणि ही बाई पलंगाशी बसून लाल दोऱ्याला गाठी मारतेय! सात गाठी, एकेक मोत्यासारखी, एका मापाची. मी दोरा हिसकावला. “असल्या दोऱ्यांपायी मी पोरं मेलेली पाहिलीत! डॉक्टरला फोन कर!”

“केलाय,” ती म्हणाली. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं होतं. ते देऊन झालं होतं, ताप दर दोन तासांनी लिहून ठेवलेला.

“मग दोरा कशाला?”

“दोरा तापासाठी नाही, आई. हातांना काम नसलं की माझे हात कापतात.”

भोंदू ओळखायचे माझे तीन प्रश्न आहेत. घाबरवतो का? लुबाडतो का? डॉक्टरकडे जाताना अडवतो का? तीनही प्रश्नांत ही बाई पास! पण म्हणून माझं लक्ष हटलं असं कोणी समजू नये. दोरा मी परत दिला, तो गाठी मोजून.

*

मग एका रविवारी सगळ्यांनी मला औडेवाटरला नेलं. तिथे जुना वजनकाटा आहे. पूर्वी ज्या बाईवर चेटकीण म्हणून आळ यायचा, ती तिथे येऊन वजन करून घ्यायची. चेटकीण म्हणे उडण्याइतकी हलकी असते, म्हणून वजन माणसासारखं भरलं की दाखला मिळायचा, ही चेटकीण नाही. त्या कागदावर जीव वाचायचा. आता टुरिस्ट उभे राहतात.

मार्लेन काही काट्यावर चढेना. “मला कशाला खोटा दाखला?”

मग मी चढले. दाखला मिळाला! ताराने तो टॉयलेटमध्ये, बर्थडे कॅलेंडरशेजारी लावलाय. इथे मानाच्या वस्तू तिथेच लावतात.

परतताना गाडीत मी तो दाखला उलटसुलट करून बघत होते. मला माझी काकू आठवत होती. मी दहा वर्षांची असताना गावात दोन वासरं दगावली, आणि मोठ्या माणसांनी मला उभं करून विचारलं, “काकूला काय करताना पाहिलंस? खरं सांग.” मी खरं तेच सांगितलं. काकू पिंपळाखाली केस मोकळे सोडून बसली होती. न्हाऊन केस वाळवत होती, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दिवस मावळायच्या आत तिला गावाबाहेर काढलं. आमच्याकडे काटा नव्हता.

*

तर, हॉलचं किचन. शोभाताई माझ्याजवळ सरकल्या. आवाज मऊ झाला. “आजी, तुम्ही तर जन्मभर या गोष्टींविरुद्ध लढलात. तुमच्याशिवाय कोणाला कळणार? खरं सांगा, तिला असलं काही करताना पाहिलंय ना तुम्ही?”

दारात मार्लेन उभी होती, हातात तुपाची वाटी. तिला मराठी सगळं कळतं, हे या बायकांना ठाऊक नाही. तिच्या मागून तारा डोकावत होती. “आजी, why is everyone so quiet?”

“पाहिलंय,” मी म्हटलं. “मीठ, पाणी, दोरे. सगळं पाहिलंय.”

मार्लेनने वाटी हळूच ओट्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

“बघा! मी म्हणतच होते!” शोभाताईंचा चेहरा उजळला. “अहो, मोदक बघूनच कळलं मला. एकसारख्या पाकळ्यांचे दहा, ते तुमचे. ते केव्हाच देवापुढे ठेवलेत. आणि हे वाकडे, तोंड उघडलेले अकरा, ते तिचे. हातच सांगतो हो माणसाचा!”

मी बाजूला काढलेलं ताट पुढ्यात ओढलं. संधिवाताने माझी बोटं आता सरळ होत नाहीत, तरी त्याच बोटांनी एकेक करून मोदक मोजले. अकरा. बरोबर होते.

“शोभाताई, खरं विचारलंत ना, मग या वेळी मी पूर्ण सांगते: हे वाकडे अकरा माझे आहेत, आणि तुम्ही देवापुढे ठेवलेत ते दहा चेटकिणीचे!”