गाळलेल्या रिळातले सांडूमामा

सांडूमामा आज सकाळी गेले.

पिक्चरमधलं त्यांचं मरण मात्र कुणीच पाहिलं नाय.

आईचे मामा, म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. पडेगावात टांगा होता. तरुणपणी दौलताबादला शूटिंग आलं, त्यात घोड्यासकट काम मिळालं.
बाण लागतो, घोड्यावरून पडतात, हिरोच्या हातात खजिन्याचा नकाशा देतात आणि मरतात. एवढंच काम.

आज त्या पिक्चरला सगळे क्लासिक म्हणतात. तेव्हा आपल्या इथं पार आपटला होता.

शहागंजातल्या त्या टॉकीजची एक पद्धत होती. संध्याकाळच्या शोला लासूरकडची मंडळी लई. त्यांची शेवटची गाडी चुकू नये म्हणून लांबडा पिक्चर असला की ऑपरेटर मधलं एक रीळ लावायचाच नाय.

मामा नव्या नवरीला, सासऱ्याला, अख्ख्या गल्लीला घेऊन गेले.

नेमकं तेच रीळ गाळलं.

हिरो कैदेत, आणि लगेच नकाशा घेऊन जहाजावर! पब्लिकनं चपला फेकल्या.
सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कुठंशी होते?"

दोन-चार दिवसांत पिक्चर उतरला. मामांना चिडवायचं नाव पडलं, शूटिंगवाले. जन्मभर.

मी कुठंच टिकत नाय, तुम्हाला माहितीये. गोवा झालं, मग नाशकात एकाच्या फूड ट्रकवर... जाऊ द्या, ते महत्त्वाचं नाय.
मागच्या महिन्यात घरी आलो, तर मॉलमध्ये तोच पिक्चर परत लागलेला. एकदम नवा करून. म्हटलं मामा, चला. मामीला पण घ्या.

मामांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला. मामीला म्हणाले, "आज बघशील."

हिरो कैदेत.

मग जहाज.

मामा उभेच राहिले. मागून आवाज आला, "काका, खाली बसा ना." त्याच्या शेजारचा म्हणत होता, काय एडिटिंग आहे यार.

एकच प्रत उरली होती म्हणे. त्यात ते रीळच नव्हतं.

बाहेर आल्यावर मामी एवढंच बोलली, "असू द्या. आता कोण विचारतंय?"

खरंच होतात का त्यात, असं आयुष्यभर विचारणारी तीच एक होती. त्यानंतर मामांनी पिक्चरचं नावच काढलं नाय.

आज स्मशानात कुणीतरी विचारलं, शूटिंगवाले गेले का?
मी व्हय म्हणालो. भांडायला हातात होतं काय?

मामा, तुम्ही घोड्यावरून पडला होता, मी मानतो.

पण पाहिलेलं मी पण नाय.

शेवटचा रामराम, मामा.