देवाच्या घोडीचा मोतद्दार

मोतद्दार कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. माणूस समोर आला की याची नजर थेट त्याच्या पायांवर. पहिल्या भेटीत त्यानं माझं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाला, "डाव्या टाचंवर भार देतोस, गुरवा. म्हातारपनी रडशील." मी भैरोबाचा पुजारी, गावात मान असलेला माणूस, आणि हा उपरा मला पायांवरून बोलतो! माझं डोकं फिरलं ते कायमचंच.

भोर संस्थान विलीन झालं, तिथली पागा मोडली, आणि हरणी नावाची उतारवयाची घोडी आमच्या गावानं देवासाठी मागून आणली. भोरकडून खिंड ओलांडली की पासलीच्या अलीकडचं आमचं गाव. यात्रेला पालखीपुढं घोडी चालणार म्हणून लोक हरखून गेले. घोडीमागून तिची निगा राखणारा पागेतला मोतद्दारही चालत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "घोडी देवाची, पन तिचं पाय माज्या ताब्यात," असं म्हणून त्यानं देवळामागच्या पडवीत पथारी टाकली.

देवाची घोडी म्हटल्यावर नवस फेडायला येणारा माणूस तिला गूळ, भिजवलेला हरभरा, पुरणपोळी भरवणारच. ती आमची रीत. हा काठी घेऊन उभा. एका नव्या सुनेच्या हातातली गुळाची वाटी त्यानं हिसकावून उकिरड्यावर भिरकावली. "गोड घालून मारताय व्हय तिला? त्यापरीस धोंडा घाला डोस्क्यात!" पोर रडत घरी गेली. मी चार लोकांत त्याचा उद्धार केला, त्यानंही माझ्या सात पिढ्या काढल्या. तो स्वतः तिला फक्त वाळलं गवत घाली. तेही आधी घमेल्यात भिजवून, पाणी ओतून देऊन. म्हणे गवतातला गोडवा निघून जातो. गवत धुणारा मोतद्दार म्हणून सगळं गाव हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं मी.

हरणीचे केस उन्हाळ्यातही गळत नसत. अंगभर अस्वलासारखे लांब, कुरळे केस. मानेवर चरबीची वळी आणि पाठ मात्र बसलेली. पाणी तर बादल्यांवर बादल्या प्यायची. लोक म्हणत, घोडीच्या अंगात देव आलाय. मीही तसंच सांगायचो, खोटं कशाला बोलू? नारळ वाढायचे. मोतद्दार फिसकटायचा. "द्येव न्हाई, दुखनं हाय. पागंतल्या दोन म्हाताऱ्या घोड्या अशाच गेल्या. आदी केस वाढत्यात, मग खुरं जात्यात. बरं न्हाई व्हायचं ह्ये. सांबाळायचं, बास." आणि एका चैत्रात, यात्रा आठ दिवसांवर असताना, त्यानं कात्री घेऊन घोडी सगळी भादरून काढली. देवाची घोडी, आणि बोडकी! म्हाताऱ्याकोताऱ्या बोटं मोडायला लागल्या. पाटलानं तर त्याला मारायला काठी उचलली होती.

रोज सकाळी तो तिला ओढ्यावर नेई आणि गार, ओल्या वाळूत तासभर उभी करी. मग एकेक खूर दोन्ही तळव्यांत धरून गरम लागतंय का बघे. त्या वेळी तो तिच्याशी इतकं हळू बोलायचा की हा तोच शिवराळ माणूस, हे खरं वाटू नये. मी देवळाच्या पायरीवरून बघायचो आणि जळायचो. उभ्या जन्मात मी देवाशी तसा कधी बोललो नव्हतो.

त्याच यात्रेच्या आदल्या दिवशी खुरांना लावायचं औषध संपलं, ते आणायला तो भोरला निघाला. चालत जाऊन येऊन तीन दिवस. निघताना मला म्हणाला, "धुतलेल्या गवताबिगर काय घालू नगंस, गुरवा. तुज्यावर सोडून चाललोय." देवळाजवळ दुसरं कुणी राहत नव्हतं, म्हणून मला सांगितलं एवढंच. मी बरं म्हणालो. तो खिंडीपार गेला आणि मी लोकांना सांगून टाकलं, "भरवा आता देवाच्या घोडीला. देवाची आज्ञा आहे." पुरणाचं पहिलं ताट मी माझ्या हातानं तिच्यापुढं धरलं. मला त्याची जिरवायची होती, दुसरं काही नाही. हरणीनं ताट चाटूनपुसून खाल्लं. मग दिवसभर रांग लागली.

तिसऱ्या दिवशी घोडी पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागं टाकून उभी. पाऊल उचलेना. मी खुराला हात लावला तर चटका बसला. तेव्हाच मला कळलं, मी काय करून बसलो ते. संध्याकाळी मोतद्दार आला. त्यानं तिचे खूर चाचपले, तोंडाचा वास घेतला, आणि पाटी उचलून ओढ्याकडे गेला. बारा दिवस तो ओढ्याची ओली वाळू पाट्यांनी आणून तिच्या पायांखाली घालत होता. मी पाणी आणून द्यायचो. तो ते वाळूवर शिंपडायचा. तेराव्या दिवशी हरणी आडवी झाली ती उठलीच नाही.

गाव देवळात जमलं. देवाच्या घोडीला कात्री लावली, त्याचंच हे पाप, हाकला याला, असा एकच गिल्ला. पाटील म्हणाला, "देवाला कौल लावा. कात्रीनं गेली का, इचारा." कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी कमी ओली केली की लवकर सुटते, हे गुरवाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी उजवी पाकळी जवळजवळ कोरडीच लावली. ती लगेच पडली.

मोतद्दार खांबाशी उभा होता. लोक देवाकडे बघत होते, हा माझ्या हातांकडे.

"बोटं थरथरत्यात तुजी, गुरवा."

"थंडी वाजतीय," मी म्हणालो. वैशाखातली दुपार होती.

त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, नीट माझ्या अंगावर पांघरली, आणि गाठोडं उचलून भोरच्या वाटेला लागला. तो पुन्हा कधी दिसला नाही. सगळे उठून घरी जाईपर्यंत मी ती घोंगडी अंगावर तशीच ठेवली. घामानं नुसता निथळत होतो, पण काढली असती तर लोकांनी विचारलं असतं.